चार तास, पण मुंबईत

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ यायला लागला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, मरीन ड्राइव्हवर, अगदी पहाटेच्या लोकलमध्येही एक प्रश्न कानावर पडू लागतो : ‘टार्गेट काय?’ विचारणारा आणि सांगणारा दोघंही मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे हौशी धावपटू असतात, आणि उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं. ‘सब-फोर’, म्हणजे चार तासांच्या आत. कुणाचं साडेचार, कुणाचं पाच. ‘चार तास अकरा मिनिटं’ असं टार्गेट सांगणारा विरळाच. चार-चार महिने पहाटे साडेचारचा गजर लावून उठणारी, पायातल्या बुटांपासून खिशातल्या खजुरापर्यंत प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवणारी ही माणसं ज्या आकड्यासाठी एवढा आटापिटा करतात, तो आकडा मात्र हिशेब न करताच निवडतात. माझा आक्षेप वेळेचं ध्येय ठेवण्याला नाही, ते ठेवावंच. आक्षेप आहे तो आकडा घड्याळाकडून उसना घेण्याला. मुंबईच्या दमट हवेत ही उसनवारी पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास व्याजासकट फेडावी लागते.

तसं पाहिलं तर मॅरेथॉनचं अंतर तरी कुठे निसर्गानं ठरवलंय? १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत साधारण ४० किलोमीटरची होती. १९०८मध्ये लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची ठरली, तेव्हा अंतर ४२.१९५ किलोमीटर भरलं. १९२१मध्ये तेच प्रमाण म्हणून मान्य झालं. पण एकदा ठरल्यावर ते सगळ्यांना सारखं लागू होतं, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चार तासांचं तसं नाही. एका तासात साठ मिनिटं असतात एवढाच त्या आकड्याला आधार, आणि तरीही त्याची ओढ किती जबरदस्त असते याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या चार अभ्यासकांनी जवळपास ९८ लाख मॅरेथॉन निकाल तपासून २०१७मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. किती जणांनी किती वेळात शर्यत संपवली याचा आलेख एखाद्या टेकडीसारखा गुळगुळीत यायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला पायऱ्या होत्या. तीन तास, साडेतीन तास, चार तास या प्रत्येक खुणेच्या अलीकडे माणसांची दाटी आणि खूण ओलांडली की एकदम ओसरलेली गर्दी. ३ तास ५९ मिनिटं आणि ४ तास १ मिनिट यांत शरीराच्या दृष्टीनं काडीचाही फरक नाही. फरक पडतो तो सोमवारी ऑफिसात सांगताना.

आता हा आकडा जवळून पाहू. चार तासांत ४२.१९५ किलोमीटर म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. अनेकजण मनगटावरच्या घड्याळात हाच पेस, म्हणजे किलोमीटरमागचा वेळ, लावून निघतात आणि पहिली चूक तिथेच करतात. अधिकृत मार्ग मोजताना मोजणारा वळणांवर शक्य तितक्या जवळच्या रेषेनं सायकल नेतो; धावणारा मात्र गर्दीतून वाट काढतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरका जातो, वळणावर बाहेरून फिरतो. उंच इमारतींमध्ये घड्याळाचा उपग्रहाशी असलेला संबंधही डळमळतो. शेवटी घड्याळ ४२.७ किलोमीटर दाखवतं आणि ५ मिनिटं ४१ सेकंदांचा पेस इमानेइतबारे सांभाळलेला माणूस ४ तास ३ मिनिटांना पोचतो. खरोखर चार तासांत यायचं असेल तर घड्याळात ५ मिनिटं ३७ सेकंद दिसायला हवेत. चार सेकंदांचा फरक क्षुल्लक वाटतो, पण ज्या माणसाची ताकद जेमतेम चार तासांची आहे त्याच्यासाठी तो क्षुल्लक राहत नाही.

आणि ताकद चार तासांची आहे हे तरी कशावरून ठरलं? बहुधा हाफ मॅरेथॉनवरून. पीटर रीगल या अमेरिकी इंजिनिअरनं १९७७मध्ये एक साधं सूत्र मांडलं. आज धावपटूंच्या मोबाइल ॲपमध्ये आणि संकेतस्थळांवर वेळेचा अंदाज देणारी जी गणितं असतात त्यांतल्या बऱ्याच गणितांच्या मुळाशी ते आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीपेक्षा थोडा जास्त लागतो, साधारण २.०८५ पट, एवढंच ते सांगतं. हाफ मॅरेथॉन १ तास ५५ मिनिटांत धावलेल्या माणसानं आकडे भरले की उत्तर येतं ३ तास ५९ मिनिटं ४६ सेकंद. इतकं नेमकं उत्तर मिळाल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही! पण पुढच्या अभ्यासांत दिसलं की हौशी धावपटूंच्या बाबतीत, विशेषतः आठवड्याला कमी किलोमीटर धावणाऱ्यांच्या बाबतीत, हे सूत्र फार आशावादी ठरतं. शिवाय त्याला हवामान कळत नाही. ती हाफ मॅरेथॉन डिसेंबरातल्या पुण्याच्या गारठ्यात धावली की ऑक्टोबरातल्या ठाण्याच्या घामात, हे सूत्र विचारत नाही. आपण विचारायला हवं.

धावणारं शरीर हे इंजिनच आहे आणि त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. ती घालवण्याचं मुख्य साधन म्हणजे घाम, पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. जानेवारीत मुंबईच्या पहाटेचं तापमान पाहून दिल्लीकर हसतील, पण हवेत इतका ओलावा असतो की घाम कोपरांवरून ठिबकतो आणि गारवा काही देत नाही. शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, त्यामुळे पायांच्या वाट्याला कमी येतं आणि त्याच पेसला हृदयाचे ठोके वाढत जातात. २००७मधल्या एका अमेरिकी अभ्यासात अनेक मॅरेथॉनचे निकाल हवामानाशी ताडून पाहिले गेले. हवा तापत गेली तसे सगळेच मंदावले, पण मागचे धावपटू पुढच्यांपेक्षा कितीतरी जास्त मंदावले. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्कच्या दहा वर्षांतल्या सुमारे १८ लाख निकालांचा एक फ्रेंच अभ्यास २०१२मध्ये आला. त्यात धावायला सगळ्यांत चांगलं तापमान ४ ते १० अंशांच्या दरम्यान निघालं. मुंबईत तेवढी थंडी पडली तर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर बातमी येईल. अव्वल धावपटूंनाही हे चुकत नाही. इथिओपियाच्या हायले लेमीनं २०२३मध्ये मुंबईच्या मार्गावरचा विक्रम केला, २ तास ७ मिनिटं ३२ सेकंद. त्याच लेमीनं २०१६मध्ये दुबईच्या सपाट रस्त्यावर २ तास ४ मिनिटं ३३ सेकंद नोंदवले होते. मधल्या सात वर्षांचा हिशेब धरूनही हा फरक काहीतरी सांगतो. त्याला तीन मिनिटं जास्त लागत असतील, तर त्याच्या दुप्पट वेळ रस्त्यावर असणाऱ्याला, त्यातले पावणेदोन तास सूर्य डोक्यावर घेऊन धावणाऱ्याला किती लागतील?

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘आम्ही मुंबईकर, आम्हाला उकाड्याची सवय आहे.’ सवयीचा फायदा खरा आहे. दहा-पंधरा दिवस उष्ण हवेत नेमानं धावलं की रक्तातलं द्रव वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, ठोके थोडे उतरतात. पण सवय शरीराला होते, हवेला नाही. दमट हवेत घाम वाळण्याचा वेग मुंबईकरासाठी बदलत नाही. दुसरं उत्तर असतं, ‘भरपूर पाणी पिऊ.’ ते तर घातकही ठरू शकतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटी रक्त तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीच्या खाली उतरलेलं होतं, आणि त्याचा सगळ्यांत ठळक संबंध होता धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घामावाटे जाईल त्याहून जास्त पाणी पिण्याशी. चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांत हा धोका जास्त होता. तहान लागेल तसं प्यावं, जोडीला थोडं मीठ असावं. पाण्यानं पेस विकत घेता येत नाही.

मुंबईचा मार्ग स्वतःचं गणित घेऊन येतो. हौशी धावपटू पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघतात. अंधार असतो, मरीन ड्राइव्हवर वारा असतो, पाय ताजे असतात. बहुतेक वर्षांच्या मार्गात पेडर रोडचा चढ दोनदा येतो, एकदा जाताना आणि एकदा येताना. जाताना तो लक्षातही येत नाही. कुणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणतं, शेकडो गळे ‘मोरया’ म्हणतात आणि बोलता बोलता हाजी अली येतं. मग वरळी, मग सी-लिंक, जिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं आणि ऐकू येतो फक्त बुटांचा आवाज. सव्वासातच्या आसपास सूर्य उगवतो. चार तासांच्या हिशेबानं चाललेल्या माणसाचे तेव्हा साधारण २४ किलोमीटर झालेले असतात. माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवी या पट्ट्यात मुंबई खऱ्या अर्थानं रस्त्यावर येते. आजीबाई संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या असतात, सोसायटीतली मुलं बिस्किटं आणि चिक्की पुढे करतात, कुणी बर्फाचे तुकडे देतं. आणि हाजी अली मागे टाकून पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तोच पेडर रोड पुन्हा समोर उभा राहतो. तोच डांबरी रस्ता, तीच उंची. पण आता बहुतेकजण चालत असतात.

का चालतात, याचं उत्तर बरंचसं पहिल्या दीड तासात असतं. ‘पहाटे गार असताना पाच मिनिटं साठवून ठेवू, पुढे उन्हात खर्च करू’ ही मुंबईतली सगळ्यांत लोकप्रिय योजना, आणि ऐकायला ती शहाणपणाचीही वाटते. मीठ-भाकरीचा हिशेब करणाऱ्या कुठल्याही माणसाला बचत आवडतेच. पण आपल्या १ तास ५५ मिनिटवाल्या धावपटूला ती लावून बघा. पाच मिनिटं साठवायची म्हणजे पहिला निम्मा टप्पा १ तास ५५ मिनिटांत काढायचा. ही तर त्याची आयुष्यातली सर्वोत्तम हाफ मॅरेथॉन! ती धावून संपल्यावर तो गेल्या वेळी पाण्याची बाटली घेऊन खाली बसला होता. या वेळी तिथून पुढे आणखी एक हाफ मॅरेथॉन आहे, तीही उन्हात. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा जो साठा असतो तो ढोबळमानानं दोन हजार कॅलरींचा. धावण्याचा खर्च दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला जवळपास तीन हजार लागतात. उरलेलं चरबीतून यायचं असतं, पण चरबी सावकाश जळते. वेग जितका जास्त तितका साखरेवरचा भार जास्त. म्हणजे वेळ साठवताना तो प्रत्यक्षात साखर उधळत असतो. मग तिसाव्या किलोमीटरनंतर धावपटू जिला ‘भिंत’ म्हणतात ती येते. किलोमीटरला ५ मिनिटं २७ सेकंदांनी तीस किलोमीटर काढून पुढचं अंतर सात-सात मिनिटांनी, म्हणजे थोडं धावत थोडं चालत काढलं, तर शर्यत ४ तास ९ मिनिटांना संपते. तिसाव्या किलोमीटरपर्यंत साठवलेली सात मिनिटं जातात आणि वर नऊ मिनिटांचं कर्ज होतं. आणि सात मिनिटांचा पेस हे अगदीच सौम्य गृहीत झालं. पेडर रोडवर नऊ-दहा मिनिटांनी चालणारे ढिगानं दिसतात.

हे सगळं शरीराच्या मर्यादेमुळे होतं असं म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण त्यात निर्णयाचा भाग आहे. अमेरिकेतल्या १४ मॅरेथॉनमधल्या ९० हजारांहून अधिक निकालांच्या २०१५मधल्या अभ्यासात पुरुष उत्तरार्धात सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावले, स्त्रिया ११.७ टक्क्यांनी. यात ऊर्जा जाळण्याच्या पद्धतीतला फरक असेलच, पण फाजील आत्मविश्वासानं सुरुवात करण्याची सवयही असावी असं अभ्यासकांना वाटलं. पुरुषांच्या कुठल्याही धावगटाच्या व्हॉट्सॲपवर दोन दिवस काढलेल्याला यात फारसं नवल वाटणार नाही. उलट बाजूचं उदाहरण केनियाचा धावपटू केल्विन किप्टम याचं. २०२३मध्ये शिकागोत त्यानं २ तास ३५ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा पहिला अर्धा भाग ६० मिनिटं ४८ सेकंदांत धावला आणि दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत. ज्याच्याकडे साठवण्यासारखा सगळ्यांत जास्त वेग होता त्यानं काहीच साठवलं नाही.

माझ्या म्हणण्यावरचा खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो वर सांगितलेल्या ९८ लाख निकालांमधूनच येतो. त्या अभ्यासात दिसलं की चार तासांच्या अगदी काठावर असलेली माणसं शेवटच्या २.१९५ किलोमीटरमध्ये वेग वाढवतात, जेव्हा इतर सगळे रडतखडत चाललेले असतात. म्हणजे गोल आकडा माणसाकडून अशी ताकद काढून घेतो जी ‘चार तास अकरा मिनिटं’ या बेढब आकड्यानं निघाली नसती. हे मला मान्य आहे. आकड्यात जादू आहे. पण ही जादू कुणावर चालली ते पाहा : चाळिसाव्या किलोमीटरला जे अजून काठावर होते त्यांच्यावर. पेडर रोडवरच ज्याचे चार तास हुकले त्याच्यासाठी मरीन ड्राइव्हवर त्या आकड्यात काहीच उरत नाही, उलट ‘आता काय उपयोग’ म्हणून तो उरलेलं अंतर चालत काढतो आणि चार-दहाची शर्यत चार-पस्तीसला संपवतो. गोल आकड्याचा फायदा हवा असेल तर तो आपल्या आवाक्यातला असावा लागतो. नाहीतर जो आकडा शेवटी ओढून नेणार होता तोच आधी पाडतो.

वेळच कशाला हवी, आनंदानं धावा की, असंही म्हणणारे आहेत. मोठ्या शर्यतींच्या बाबतीत हा सल्ला व्यवहारातही टिकत नाही. बोस्टनला बहुतेकांना ठरलेल्या वेळेच्या आत धावूनच प्रवेश मिळतो. २०२६साठी ३५ वर्षांखालच्या पुरुषांची मर्यादा २ तास ५५ मिनिटं होती आणि अर्ज इतके आले की त्याहूनही साडेचार मिनिटं लवकर आलेल्यांनाच जागा मिळाली. पण बोस्टनला जायचं नसलेल्यालाही वेळेचं ध्येय उपयोगी पडतं, कारण त्यामुळे तयारीला आकार येतो. आठवड्यातला लाँग रन किती सावकाश धावायचा, एखादा दिवस विश्रांती घ्यायची की नाही, शेवटचे दोन-तीन आठवडे किलोमीटर किती कमी करायचे, हे ठरवायला मोजमाप लागतं. जिवाच्या भीतीनं वेळ नाकारणाऱ्यांना मात्र मी हसणार नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांत ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा ती संपल्या संपल्या बंद पडलं. हे प्रमाण फार कमी आहे, पण ते शून्य नाही, आणि उष्ण हवेत आकड्यामागे लागून शरीराची तक्रार दाबणं त्यात भरच घालतं. २००७च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये तापमान ३० अंशांच्या वर गेलं तेव्हा आयोजकांनी शर्यत मध्येच थांबवली होती. आयोजक थांबवतील तेव्हाच थांबायचं, असा काही नियम नाही.

मग आकडा काढायचा कसा? उशिरा काढायचा, एवढं तर नक्की. ऑगस्टमध्ये नाव नोंदवताना ठरवलेला आकडा ही इच्छा असते. डिसेंबरच्या शेवटी ठरवलेला आकडा हा अंदाज असतो. मधल्या काळात ऑक्टोबरची तलखी येते आणि तेव्हाचे ३० ते ३२ किलोमीटरचे लाँग रन कुठल्याही सूत्रापेक्षा खरं सांगतात : शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये ठोके किती चढले, पेस किती पडला, दर तासाला घेतलेली केळी, खजूर किंवा एनर्जी जेल पोटात राहिली का. सूत्रानं चार तास म्हटलं आणि हाफ मॅरेथॉन थंडीत झाली असेल तर मुंबईसाठी दहा मिनिटं वाढवणं ही भित्रेपणाची नाही, मोजमापाची गोष्ट आहे. ४ तास १० मिनिटं म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ५५ सेकंद, घड्याळातल्या जादा अंतरासाठी ५ मिनिटं ५१ सेकंद. वेळेचे झेंडे घेऊन धावणारे पेसर असतात, त्यांच्या घोळक्याला धावपटू ‘बस’ म्हणतात. तुमच्या आकड्याची बस नसेल तर पुढची पकडू नका, एकटे धावा. अर्ध्या अंतरावर चार तासांची बस तुमच्या पाच मिनिटं पुढे असेल आणि पाय हलके वाटत असतील, तरी तिला जाऊ द्या. हाजी अली सोडल्यावर तिच्यातून उतरलेली बरीच मंडळी चढावर चालताना दिसतील.